ओकच्या भिंतीवरून परतलेले तोफगोळे

19 ऑगस्ट 1812. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये युद्ध सुरू होतं. हॅलिफॅक्सच्या आग्नेयेला, भर अटलांटिकमध्ये अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ आणि ब्रिटनची ‘गेरिएर’ या दोन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, समोरासमोर आल्या. अर्ध्या-पाऊण तासात गेरिएरच्या तिन्ही डोलकाठ्या कोसळल्या. ब्रिटिशांचे काही गोळे मात्र अमेरिकी जहाजाच्या बाजूवर आदळून समुद्रात पडले. ते पाहून एक खलाशी ओरडला, “हिच्या बाजू लोखंडाच्या आहेत!” असं सांगतात. ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ हे तिचं टोपणनाव तिथलंच. प्रत्यक्षात त्या बाजू निव्वळ लाकडाच्या होत्या आणि खरं कौतुक त्या लाकडाचंच आहे.

उत्तर आफ्रिकेतल्या अल्जिअर्सचे चाचे अमेरिकी व्यापारी जहाजं पकडत होते, म्हणून 1794 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सहा फ्रिगेट बांधायला मंजुरी दिली. मोठं आरमार उभारायला या नव्या देशाकडे पैसा नव्हता. फिलाडेल्फियाचे जहाजबांधणीकार जोशुआ हम्फ्रीज यांनी त्यातूनच वाट काढली. जहाजं थोडीच बांधायची, पण प्रत्येक जहाज असं, की कोणत्याही फ्रिगेटला भारी पडेल आणि त्याहून मोठी युद्धनौका दिसली तर वेगाने निसटेल.

त्यासाठी त्यांनी लाइव्ह ओक निवडला. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा हा सदाहरित वृक्ष. त्याचं लाकूड साध्या ओकपेक्षा जड आणि घट्ट असतं. तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते सहज चिरत नाही आणि लवकर कुजतही नाही. शिवाय त्याच्या फांद्या मुळातच वाकड्या. जहाजाच्या बरगड्यांना हवी तशी कमान झाडावरच तयार मिळते, त्यामुळे तंतू न तोडता लाकूड घडवता येतं. ते मिळवणं मात्र सोपं नव्हतं. जॉर्जियातल्या सेंट सायमन्स बेटाच्या दलदलीत उत्तरेकडून आणलेले लाकूडतोडे तापाने आजारी पडले. गुलामांकडूनही हे काम करून घेतलं गेलं, हे या जहाजाचा अभिमान बाळगताना विसरता कामा नये.

बरगड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून बसवल्या आणि आतून-बाहेरून पांढऱ्या ओकच्या फळ्या ठोकल्या. ही भिंत सुमारे पावणेदोन फूट जाड भरते. तोफगोळा लाकडात शिरताना तंतू चिरडत, तोडत आपली ऊर्जा गमावतो. भिंत जितकी जाड आणि घट्ट, तितक्या लवकर ती ऊर्जा संपते. तिरका लागलेला गोळा तर उसळून परतही जातो. गेरिएरच्या मुख्य तोफांचे गोळे 18 पौंडांचे, म्हणजे आठ किलोंचे होते. कॉन्स्टिट्यूशनचे 24 पौंडांचे, जवळपास अकरा किलोंचे. शिवाय अमेरिकी जहाजावर माणसंही जास्त होती आणि गेरिएर जुनी, झिजलेली होती. एकट्या ओकला सगळं श्रेय देणं बरोबर नाही.

एवढं लांब, जड जहाज पाण्यात वाकतं. मधला रुंद भाग पाणी वर उचलून धरतं. दोन्ही टोकं निमुळती, त्यांना पाण्याचा आधार कमी आणि वर तोफांचं ओझं. मग टोकं खाली झुकतात आणि कणा, म्हणजे तळाची लांब मुख्य तुळई, मधोमध वर येतो. हम्फ्रीज यांनी यावर आतून तिरक्या तुळया बसवल्या. त्या टोकांचा भार कण्याकडे वळवतात. पुढच्या काळातल्या दुरुस्त्यांमध्ये या तुळया काढल्या गेल्या आणि कणा फूटभराहून जास्त वाकला. 1990 च्या दशकातल्या मोठ्या दुरुस्तीत तो सरळ केला, तेव्हा त्या तुळया पुन्हा बसवल्या. मला हा त्या जुन्या आराखड्याचा सर्वांत मोठा विजय वाटतो.

29 डिसेंबर 1812 ला ब्राझीलजवळ कॉन्स्टिट्यूशनने ‘जावा’ ही दुसरी ब्रिटिश फ्रिगेट हरवली. तिच्यावर मुंबईच्या सैन्याचे नियुक्त सरसेनापती थॉमस हिस्लॉप होते. ते कैद झाले आणि नंतर सुटले. 1817 मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव करणारे हिस्लॉप ते हेच. जावावर मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांबंही होतं. लाकूड पोखरणारे सागरी किडे आणि कालवं तांब्यापुढे टिकत नाहीत, म्हणून जहाजाच्या तळाला त्याचे पत्रे ठोकत. हे तांबं मुंबईला पोचलंच नाही. जावा इतकी मोडली होती, की विजेत्यांनी ती जाळून टाकली.

ज्या जहाजांसाठी ते तांबं निघालं होतं, त्यांपैकी एक 74 तोफांचं ‘कॉर्नवॉलिस’. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ते सागवानात बांधलं आणि 1813 मध्ये पाण्यात उतरवलं. सागातल्या नैसर्गिक तेलामुळे ते कुजत नाही आणि ओकच्या आम्लासारखं लोखंडी खिळ्यांना खातही नाही. एप्रिल 1815 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या खालच्या समुद्रात ‘हॉर्नेट’ आणि ‘पीकॉक’ ही अमेरिकी जहाजं व्यापारी जहाज समजून त्याच्यामागे लागली. कॉर्नवॉलिस युद्धनौका आहे हे कळल्यावर पाठलाग उलटा सुरू झाला. हॉर्नेटच्या कप्तानाने, जेम्स बिडल यांनी, वजन घटवण्यासाठी जवळजवळ सगळ्या तोफा समुद्रात फेकल्या, तेव्हा कुठे ती निसटली. शांततेचा तह त्याआधीच झाला होता, पण बातमी या समुद्रापर्यंत आली नव्हती.

कॉन्स्टिट्यूशन आजही बॉस्टनच्या बंदरात तरंगते आहे. मुंबईचं कॉर्नवॉलिस पुढे इंग्लंडमध्ये शीअरनेसला धक्क्याचा भाग बनलं आणि 1957 पर्यंत टिकलं.