भिंतीतल्या यूएसबी सॉकेटवर फोन चार्ज होत नसेल तर

नमस्कार. चिपळूण आणि आसपासच्या ज्या घरांत आम्ही बोर्डामध्ये यूएसबी मॉड्यूल बसवून दिलं आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक. "पोर्ट गेला, बदलून द्या" असा निरोप येतो, आम्ही जातो आणि पुष्कळदा मॉड्यूल ठणठणीत निघतं. तुमचा खोळंबा होऊ नये आणि आमच्या फेरीचे पैसे उगाच पडू नयेत, म्हणून काही गोष्टी आधी घरीच पाहून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे बटण. काही बोर्डांत यूएसबीला वेगळं बटण दिलेलं असतं, काहींत शेजारच्या सॉकेटच्या बटणावरच ते चालतं. घरात पाहुणे येऊन गेले की हा घोटाळा हमखास होतो. बटण चालू असेल तर शेजारच्या सॉकेटमध्ये नेहमीचा चार्जर लावून बघा. तोही बंद असेल तर वीजच बोर्डापर्यंत येत नाही. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप खाली पडणारा सुरक्षेचा स्विच) पडलेला असेल तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर तसाच राहू द्या आणि आम्हाला बोलवा.

शेजारचा सॉकेट चालतो पण यूएसबी नाही, असं असेल तर दुसरी केबल आणि दुसरा फोन लावून पाहा. केबल बाहेरून धडधाकट दिसते, पण टोकाजवळ आतली तार तुटलेली असते. टाइप-सीचं टोक नीट बसत नसेल तर बऱ्याच वेळा खिशातला कापूस आणि धूळ फोनच्याच खाचेत दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने ती काढा. भिंतीतल्या पोर्टमध्ये मात्र टाचणी, सुई, हेअरपिन काहीही घालू नका.

अजून एक सवय सोडायला हवी. पोर्टला केबल लावून फोन तिच्यावरच लोंबकळत ठेवला जातो. फोनच्या वजनाने पोर्टची पकड सैल होते आणि मग केबल एका कोनात धरली तरच चार्जिंग होतं. असा पोर्ट दुरुस्त होत नाही, मॉड्यूलच बदलावं लागतं. बोर्डाखाली चिकटणारा फोनचा कप्पा लावा, स्वस्त मिळतो.

चार्जिंग होतं, पण हळू

हा बिघाड नाही. मॉड्यूलवर ५ व्होल्ट, २.१ अँपिअर असं छापलेलं असेल तर ते साडेदहा वॉट झाले, आणि दोन पोर्ट असतील तर साधारणपणे ते दोघांत मिळून. दोन फोन लावले की दोन्ही रेंगाळणार. २० वॉटच्या टाइप-सी मॉड्यूलवर फोन वेगाने भरतो, पण ४५ किंवा ६५ वॉट मागणारा लॅपटॉप त्यावर चालत नाही. काही फोन कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत स्वतःची असते. ती त्यांच्याच चार्जरशी आणि केबलशी जुळते, भिंतीतल्या पोर्टवर तो फोन साध्या गतीने भरतो. नवीन मॉड्यूल घेताना तुमचा फोन दुकानात दाखवा, म्हणजे पुढे हिरमोड होत नाही.

एकाच घरात दुसऱ्यांदा मॉड्यूल जळलं तर

हा भाग कृपया लक्ष देऊन वाचा. एकदा मॉड्यूल गेलं तर ते मॉड्यूलचं दुखणं असू शकतं. त्याच घरात काही महिन्यांत दुसरंही गेलं, तर तिसरं मागू नका, आधी न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तपासून घ्या. घरात २३० व्होल्ट येतात ते फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल यांच्यामध्ये. खांबावर, मीटरपाशी किंवा मेन स्विचमध्ये न्यूट्रलचा जोड सैल झाला किंवा तुटला, तर तीन फेजच्या जोडणीत हा दाब ४०० व्होल्टच्या आसपास चढू शकतो. बहुतेक यूएसबी मॉड्यूल १०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेली असतात. ज्याला बटण नाही ते मॉड्यूल, फोन लावलेला नसला तरी, चोवीस तास लाइनवर असतं. म्हणून मार त्याला लवकर बसतो. त्यानंतर टीव्ही आणि फ्रिजची पाळी.

याची खूण ओळखता येते. एका खोलीतला दिवा एकाएकी लख्ख होतो, दुसरीकडचा मंदावतो, पंखा विनाकारण जोरात फिरू लागतो. असं दिसलं तर तेव्हाच मेन स्विच बंद करा. टेस्टर लावून "वीज तर आहे" असं समजू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असला आणि लाइनवर एखादं उपकरण चालू असलं, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. जोड मीटरच्या पलीकडे, खांबाच्या बाजूला सुटला असेल तर ते काम महावितरणचं. तिथे आम्हीही हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

वळवाच्या पावसात विजा कडकडू लागल्या की यूएसबीचं बटण बंद ठेवा. बटण नसेल तर त्या लाइनचा एमसीबी खाली करा.

मॉड्यूल कोमट लागणं साहजिक आहे. बोट टेकवत नसेल इतकं तापलं, प्लेट पिवळी-तपकिरी पडली किंवा जळका वास आला, तर एमसीबी बंद करा आणि आमची वाट पाहा. प्लेट स्वतः उघडू नका. बटण बंद असलं तरी बोर्डात फेज असतोच, आणि जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर घातलेलंही आम्ही पाहिलं आहे.

पुराचं पाणी लागलेल्या बोर्डाबद्दलही सांगायला हवं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी घरांत शिरलं, त्यानंतर कित्येकांनी बोर्ड धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा लावले. यूएसबी मॉड्यूलच्या आत बारीक भागांची सर्किट पट्टी असते. गाळ तिच्या फटींत राहतो, आणि आज चालू झालेलं मॉड्यूल दोन महिन्यांनी गंज धरून तापू लागतं. पाण्यात बुडालेलं मॉड्यूल आम्ही परत बसवत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

दुसऱ्या वायरमनकडून वायरिंगची मेगर चाचणी (तारांचं आवरण शाबूत आहे का हे पाहणारी) करून घेणार असाल, तर आधी यूएसबी मॉड्यूलच्या तारा सोडवायला त्याला आठवणीने सांगा. ५०० व्होल्टची ती चाचणी मॉड्यूलला झेपत नाही.

फोन करताना एवढं सांगा: कुठल्या खोलीतला बोर्ड, एक पोर्ट बंद आहे की दोन्ही, शेजारचा सॉकेट चालतो का, आणि हे मॉड्यूल याआधी कधी बदललं होतं का. प्लेट न उघडता बाहेरून एक फोटो पाठवलात आणि बिल हाताशी ठेवलंत, तर योग्य मॉड्यूल घेऊनच आम्ही निघू.