हँडब्रेक आणि डीव्हीडीस्टायलर: एक डिस्कमधून काढतं, दुसरं डिस्कवर बसवतं

दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही जीपीएल या मुक्त परवान्याखाली. दोन्हींकडे लोक डीव्हीडीच्याच कामासाठी वळतात, त्यामुळे गल्लत होते. पण दिशा उलट आहेत.

हँडब्रेक डिस्कवरचा व्हिडिओ वाचून त्याची एमपी४ किंवा एमकेव्ही फाइल करतं. ते डिस्क बर्न करत नाही. डीव्हीडीस्टायलर तुमच्या फाइली घेऊन त्यांची घरच्या प्लेअरवर चालणारी डीव्हीडी बनवतं; मेनू, बटणं, प्रकरणं सगळं त्यात येतं.

नुसती एमपी४ फाइल डिस्कवर टाकली की अनेक जुने प्लेअर ती ओळखत नाहीत. त्यांना एमपीईजी-२ व्हिडिओ लागतो, पॅलमध्ये (भारतात चालणाऱ्या टीव्ही पद्धतीत) ७२० × ५७६ आकाराचा, आणि तो ठरावीक फोल्डरमध्ये व्हीओबी व आयएफओ फाइलींच्या रूपात. ही मांडणी करणं म्हणजेच ऑथरिंग, आणि ते डीव्हीडीस्टायलरचं काम.

आता बॅकअप. लग्नाची, मुंजीची जुनी डिस्क हँडब्रेकमधून काढली की बॅकअप झाला असं बरेच जण धरून चालतात. मला हे मुळीच पटत नाही. हँडब्रेक व्हिडिओ नव्याने एन्कोड करतं, म्हणजे दुसऱ्या साच्यात पुन्हा दाबून बसवतं, त्यात थोडा दर्जा जातोच, आणि मेनूही येत नाही. ती मोबाइलवर बघायची प्रत झाली. घरात एकच डिस्क उरली असेल तर आधी तिची आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एका फाइलमधली प्रत, काढा. लिनक्सवर के३बी हे सॉफ्टवेअर हे काम करतं. डिस्कवर ओरखडे असतील तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा: ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं, आणि मॅपफाइल (कुठला भाग वाचला याची नोंद ठेवणारी फाइल) दिली असेल तर काम मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. अशी आयएसओ व्हीएलसीमध्ये मेनूसकट उघडते, आणि तीच नंतर हँडब्रेकलाही देता येते.

हँडब्रेकमध्ये एमपी४ काढताना आरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) १८ ते २२ ठेवा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना आडव्या रेघा दिसल्या तर व्हिडिओ इंटरलेस्ड आहे, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं आहे. फिल्टरमध्ये डीइंटरलेस लावा. बाजारातल्या चित्रपटांच्या डिस्कना असलेलं कॉपी-संरक्षण हँडब्रेक स्वतः उघडत नाही. घरगुती डिस्कना सहसा ते नसतंच.

डीव्हीडीस्टायलरमध्ये खरा प्रश्न जागेचा. ४.७ जीबीची डिस्क संगणकावर सुमारे ४.३८ दिसते. दोन तासांचा व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) दराने बसतो. तीन तास कोंबले तर दर ३.५ च्या आसपास येतो आणि हळदीच्या गर्दीत चौकोनी ठिपके दिसू लागतात. माझं मत, सरळ दोन डिस्क करा. फाइल आधीच डीव्हीडीच्या साच्यातली एमपीईजी-२ असेल तर तिचं पुन्हा एन्कोडिंग टाळता येतं. तो पर्याय जरूर वापरा.

प्रोजेक्ट सुरू करतानाच पॅल की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) हे विचारलं जातं. भारतासाठी पॅल. डिस्क अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर एनटीएससी निवडा, कारण तिथले बरेच प्लेअर पॅल डिस्क दाखवत नाहीत.