कोणाला पेंढी, कोणाला टन: सातारा-सांगलीतल्या मजुरीची पार्श्वभूमी

मिरज जंक्शनवर नव्याने रुजू झालेल्या स्टेशन मास्तरचं मूळ वेतन 35,400 रुपये. सातारा स्टेशनवर रुजू झालेल्याचंही तेवढंच. पण घरभाडे भत्त्यासाठी केंद्राने शहरांची जी वर्गवारी केली आहे, तिच्यात सांगली-मिरजेचा शहरी पट्टा 'वाय' वर्गात येतो आणि सातारा 'झेड'मध्ये. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून हा भत्ता मिरजेत 20 टक्के, म्हणजे 7,080 रुपये, आणि साताऱ्यात 10 टक्के, म्हणजे 3,540. परीक्षा एक, हुद्दा एक, सिग्नलची जबाबदारी एक. महिन्याचा साडेतीन हजारांचा फरक पडतो तो केवळ शहराच्या लोकसंख्येमुळे.

हा फरक निदान कागदावर मांडलेला आहे. बाकीच्या तफावतींचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: शिक्षण, कौशल्य, अनुभव. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. या दोन जिल्ह्यांतला मजुरीचा इतिहास पाहिला तर दोन गोष्टी जास्त बोलक्या निघतात. काम कशाच्या मापाने मोजलं जातं, आणि ते माप ठरवताना मालकासमोर कोण बसतं.

सर्वांत जुनं माप खळ्यावरचं. बलुतेदारांच्या तीन ओळी असत: थोरली, मधली, धाकटी. पीक निघालं की ओळीप्रमाणे पेंढ्या आणि धान्य मिळे. कोण कोणत्या ओळीत हे गावागणिक बदलायचं, पण सूत्र साधारण एकच होतं: ज्याच्यावाचून शेत अडतं तो वर. म्हणून नांगर-कुळव करणारा सुतार आणि फाळ शेवटणारा, म्हणजे झिजलेलं टोक पुन्हा घडवणारा, लोहार बहुतेक गावांत थोरल्या ओळीत असत. ग्रामजोशी, गुरव यांचा मान मोठा, पण धान्याच्या वाट्यात ते बऱ्याच ठिकाणी सुतार-लोहारांच्या मागे. उलट महाराचा वाटा कित्येक गावांत थोरल्या ओळीतला, पण वाटा थोरला असला म्हणून गावकुसाबाहेरचं जिणं सुटलं नाही. मान आणि मोबदला या दोन गोष्टी तेव्हाही एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या.

या पद्धतीतली गोम अशी की मोबदला वर्षाचा, कामाचा नव्हे. फाळ हंगामात चारदा शेवटला काय न् दहादा काय, पेंढ्या तेवढ्याच. अगदी नवी वस्तू, म्हणजे नवी बैलगाडी वगैरे, तेवढी वेगळी मोजली जाई. दुष्काळ पडला की वाटा आपोआप आटायचा, कारण तो पिकातला वाटा होता. बलुतेदाराच्या घरातली बाई निम्मं काम उचलायची, पण तिच्या नावाची पेंढी कधीच नव्हती.

रोख पगार इथे आला तो कारखान्याच्या भोंग्याबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना घातला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना 1916 चा. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतात आला आणि लाकडी नांगरावर अवलंबून असलेल्या सुताराच्या बलुत्याची मुळं सैल झाली. त्याच वेळी ओतकाम, कातकाम, जोडकाम करणारा माणूस महिन्याच्या पगारावर गेला. पेंढीला हुद्दे नव्हते. इथे मात्र हेल्पर, फिटर, टर्नर, मोल्डर, मिस्त्री अशी शिडी आली, आणि प्रत्येक पायरीचा दर वेगळा.

ज्यांना इथे पायरी मिळाली नाही ते मुंबईला गेले. जावळी, पाटण, खटाव, माण, शिराळा इथून गिरणीत माणसं भरली जायची. गिरणीतही सगळे एका मापाचे नव्हते. साचा चालवणारा विणकर कापडाच्या उत्पादनावर कमवायचा, सूतखात्यातला कामगार हजेरीवर, आणि बदलीवाला रोज सकाळी दारात उभा राहून काम मिळालं तर. 1947 च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने 26 दिवसांसाठी किमान 30 रुपये मूळ वेतन आणि त्यावर निर्देशांकाला जोडलेला महागाई भत्ता ठरवून दिला. तेव्हापासून गिरणीतल्या माणसाचा पगार आणि गोदीत पोती वाहणाऱ्या त्याच्याच भावाची हमाली यांत मोठी दरी पडली. दोघेही एकाच खोलीत राहत, एकाच खानावळीत जेवत.

ही दरी बुजवायचं काम पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी अंगावर घेतलं. 1969 चा माथाडी कायदा त्यातून आला. त्याची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिथे मापाला हात न लावता समोरचा माणूस बदलला. हमाली आजही पोत्यावर किंवा वजनावरच ठरते. पण नोंदीत मालक ती टोळीच्या हातात न देता माथाडी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही भरतो. मंडळ मजुरी टोळीत वाटतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी निघतं. बिघडतं कुठे? मालक हमाली परस्पर रोखीने देतो आणि पाच-दहा रुपये जास्त देऊन खूश करतो तिथे. त्या दिवशी हातात जास्त पडतं, पण खात्यावर नोंद होत नाही, आणि पाठ गेल्यावर ग्रॅच्युइटी मोजायला कागदच उरत नाही. सांगलीच्या हळदीच्या पेठेपासून गुळाच्या अडत्यांपर्यंत हमालाने पहिल्यांदा पाहावं ते हेच: आपली हमाली मंडळाच्या खात्यावर चढते का.

विटा-आटपाडी पट्ट्यातल्या गलाई व्यवसायाचा हिशेब आणखी निराळा. दुष्काळाने बाहेर पडलेली ही माणसं देशभरच्या सराफकट्ट्यांत सोनं-चांदी तेजाबात गाळून शुद्ध करतात. नवशिक्या पोराला जेवण, राहणं आणि थोडी रोकड मिळते. खरी कमाई स्वतःची भट्टी टाकल्यावर. तोवरचा कमी पगार म्हणजे एका अर्थी शिकवणीची फी.

सरकारने मजुरीचं माप स्वतः हातात घेतलं, तेही सांगली जिल्ह्यातच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर इथे रोजगार हमीचा प्रयोग केला. राज्याचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. इथे माप घनमीटरचं. माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम यांचे दर वेगळे, माती किती लांब आणि किती उंच टाकायची यावर वाढावा वेगळा. बाई आणि पुरुष यांना दर एकच, ही त्या काळात शेतावर कुठेही नसलेली गोष्ट. आजही कित्येक गावांत खुरपणीचा रोज पुरुषाच्या रोजाच्या खूप खाली असतो. राज्यात 2025-26 साठी रोजगार हमीचा दर 312 रुपये होता, पण ठरलेला दर हातात पडेलच असं नसतं. कठीण मुरूम मोजमाप पुस्तकात मऊ म्हणून चढला, किंवा पाऊस पडून खड्डा बुजल्यावर अभियंता मोजायला आला, की पूर्ण दिवस राबूनही कमी पडतात. टोळीने खोदताना खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीचा उभा खुंट राखून ठेवावा, तो खोलीचा पुरावा असतो.

राज्याच्या या योजनेचा पैसा पगारदारांच्या पावतीतून उभा राहिला, हे अनेक पगारदारांना ठाऊक नसतं. 1975 चा व्यवसाय कर त्यासाठीच बसवला. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2,500. बायकांना 25,000 पर्यंतच्या पगारावर 2023 पासून तो माफ आहे.

आता ऊस. या दोन जिल्ह्यांत मजुरीची सगळी मापं एकाच आवारात पाहायची असतील तर हंगामात साखर कारखान्यावर जावं. तोडणी टोळीचं माप टन. दर साखर संघ आणि संघटना यांच्या करारात ठरतो. जानेवारी 2024 मध्ये त्यात 34 टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे 366 रुपयांवर गेला, मुकादमाचं कमिशन 20 टक्के झालं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघांनी दिवसात दोन टन तोडून, मोळ्या बांधून गाडीत भरला तर 732 रुपये, माणशी 366. रोजगार हमीच्या आकड्यापेक्षा फार वर नाही, आणि तास मात्र बारा-चौदा. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून थोडी भर पडते. शिवाय टन मोजला जातो कारखान्याच्या काट्यावर. ऊस गाळपाला टाकतात त्या गव्हाणीपुढे रांगेत गाडी थांबली, मशीन बंद पडलं, पावसाने रान चिखलाचं झालं, तो सगळा वेळ टोळीच्या खात्यावर. ऊस तोडल्यावर जितका वाळेल तितकं वजन घटतं, तेही तिच्याच माथी.

खरा गुंता उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा. हंगामाआधी मुकादम कोयत्याला हजारांत, कधी लाखाच्या घरात उचल देतो. मजुरी त्यातून वळती होत जाते. हंगाम आखूड झाला की उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, त्याच्या अटीवर यावं लागतं. म्हणून दरवाढीचा टक्का कितीही मोठा असो, ज्याची उचल अंगावर आहे तो भाव करायला बसतच नाही. तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान भावातून, कापली जाते, त्यामुळे दर वाढला की तो ऊसवाल्याला टोचतो.

काट्याच्या आत, कारखान्यात, मात्र महिन्याचा पगार सुरू होतो. इथे पगार त्रिपक्षीय कराराने: कारखाने, संघटना, सरकार. कायम कामगाराला बारा महिने पगार. हंगामी कामगाराला गाळप चालू असेपर्यंत पूर्ण, नंतर घरी बसण्याचा रिटेन्शन भत्ता, तोही कुशलाला जास्त आणि अकुशलाला कमी टक्क्याने. खाली रोजंदारी आणि ठेकेदाराची माणसं, जी करारात कुठेच नाहीत. एकाच बॉयलरवर हे तिन्ही प्रकार भेटतात.

कुपवाड, शिरवळ, पलूसच्या एमआयडीसीत तफावत दिसते ती सांगितलेल्या आणि हातात पडलेल्या पगारात. 18,000 ठरले असतील आणि पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापला तर 1,800 गेले, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्क्याने 135, व्यवसाय कर 200; उरले 15,865. यात काही काळंबेरं नाही. पण ठेकेदार मालकाच्या वाट्याचा पीएफही त्याच 18,000 मधून कापत असेल तर आहे. सांगितलेला आकडा एकूण खर्चाचा की पगाराचा, हे हजेरी लावण्याआधी विचारून घ्यावं.

शिक्षणाने पगार वाढतो या समजुतीला सर्वांत मोठा तडा शिक्षकाच्याच पेशात जातो. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून सातारा जिल्ह्यात शिकून मास्तर होणं ही घराची उन्नती मानली गेली. आज अनुदानित शाळेतला प्राथमिक शिक्षक 29,200 मूळ वेतनावर येतो, पण आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून 16,000 मानधनावर. माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000. हे आकडे 2023 पासूनचे, त्याआधी 6,000 पासून सुरुवात होती. विनाअनुदानित शाळेत अनुदानाचा टप्पा येईपर्यंत संस्था देईल ते. वर्ग तोच, पुस्तक तेच, बीएड तेच.

याच्या उलट टोकाला तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागेतली छाटणी टोळी. डिग्री नाही, ठेकेदाराचा करार नाही, माप एकराचं. पण फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मोजक्या आठवड्यांत उरकावी लागते, आणि छाटल्यावर लगेच काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटणाऱ्या कोंबांना, पेस्ट लागली नाही तर फूट मागेपुढे होते आणि पुढचं सगळं वेळापत्रक विस्कटतं. काडी बघून किती डोळ्यांवर कापायची हे हाताला कळावं लागतं. चुकलं तर वर्षाचं पीक गेलं. म्हणून इथे दर टोळी सांगते आणि बागायतदार ऐकतो. तोच माल बेदाणा होऊन शेडवर आला की निवडायला बायका बसतात, आणि मजुरी होते किलोवर. तिथे घाई नाही, बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये थांबू शकतो, त्यामुळे भाव शेडमालक सांगतो. छाटणीची टोळी हवी असणारे बागायतदार मात्र गणपतीच्या आधीच विसार देऊन तारीख धरतात.