नोटा म्हणजे नकाराधिकार नव्हे

निवडणूक लागली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. 'नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द, आणि उभे असलेले सगळे उमेदवार सहा वर्षांसाठी बाद. जागे व्हा!' खाली तीन तिरंगे. २०२४ ला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो मला वेगळा पाठवला. मी 'उदारमतवादी वगैरे', म्हणजे मला सगळेच पक्ष नावडत असणार, असा त्यांचा हिशेब. हिशेब फारसा चुकलेला नाही. मेसेज मात्र साफ चुकीचा आहे.

नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'चं, बटण कुठे असतं, हे सांगत बसत नाही. सगळ्यात खाली, २०१५ पासून काळी फुली मारलेल्या मतपत्रिकेचं चिन्ह. राज्यसभेला ते नसतं. झालं.

घोळ घातलाय तो शब्दाने. मथळ्यांत अजूनही नोटाला बिनदिक्कत 'नकाराधिकार' म्हणतात आणि माझं डोकं तिथेच फिरतं. हा शब्द मराठीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या व्हेटोसाठी कधीचा रुजलाय. पाच कायम सदस्यांपैकी एकाने तो वापरला की बाकी चौदा जणांनी काहीही म्हणो, ठराव पडतो. नकाराधिकाराने काहीतरी अडतं. नोटाने काहीही अडत नाही. ती नापसंती आहे. मोजली जाते, जाहीर होते आणि तिथेच संपते.

लोकसभेला आणि विधानसभेला निकाल लागतो तो उमेदवारांमध्ये, आणि नोटा उमेदवार नाही. हजारातली नऊशे नव्व्याण्णव मतं नोटाला गेली आणि एका उमेदवाराला एकच मत पडलं, तर तो निवडून येतो. गुलालही उधळतो.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर २०२४ चं इंदूर पाहा. काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि मग पक्षानेच नोटा दाबायचं आवाहन केलं. भाजपच्या शंकर लालवानींना १२,२६,७५१ मतं पडली, नोटाला २,१८,६७४, आणि त्याखालोखाल बसपच्या उमेदवाराला ५१,६५९. आता लालवानींचं अधिकृत मताधिक्य बघा: ११,७५,०९२. पहिल्यातून तिसरा वजा केलाय! नोटाला 'दुसरा' म्हटलं ते बातम्यांनी. निवडणूक आयोगाच्या लेखी दुसरा क्रमांक बसपचा. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला हेच झालं होतं. विजयी झालेल्या धीरज देशमुखांच्या खालोखाल साडेसत्तावीस हजार मतं नोटाची, आणि अधिकृत दुसऱ्या उमेदवाराला त्याच्या निम्म्याच्या आसपास.

अनामतीचंही तेच. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर लोकसभेच्या सर्वसाधारण उमेदवाराचे २५ हजार रुपये जप्त होतात. पण त्या वैध मतांत नोटाची मतं धरतच नाहीत. म्हणजे नोटा दाबून तुम्ही कुणाचं डिपॉझिटही घालवू शकत नाही.

"मग ते बटण ठेवलंय कशाला?" काकांनी विचारलंच. प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर मला नोटापेक्षा जास्त आवडतं.

आधी ४९-ओ नावाचा नियम होता (आजही आहे). कुणालाच मत द्यायचं नसेल, तर तसं मतदान केंद्राध्यक्षाला तोंडाने सांगायचं. तो नोंदवहीत तुमच्या नावापुढे शेरा मारणार आणि तुमची सही घेणार. हे सगळं बाकावर बसलेल्या पोलिंग एजंटांसमोर. शहरात ठीक आहे. गावात तो एजंट सरपंचाचा पुतण्या असतो. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल दिला तो गुप्ततेच्या मुद्द्यावर: मत देणाऱ्याचं गुपित राखता, तर कुणालाच न देणाऱ्याचंही राखा. नोटा आला तो यातून. उमेदवार नाकारून निवडणूक पाडायचा अधिकार त्या निकालात कुठेच नाही. तो, म्हणजे खरा नकाराधिकार, द्यावा का यावर विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात नकोच म्हटलं.

माझा खरा राग काकांवर नाहीच, माझ्याच जातकुळीच्या माणसांवर आहे. २० मे २०२४, गोरेगावातली शाळा, घामाने निथळणारी रांग. माझा एक मित्र दीड तास उभा राहिला, नोटा दाबून आला आणि शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला: 'दोघांनाही नाकारलं.' लढत दोन शिवसेनांमध्ये होती, तेव्हा उदारमतवाद्याची पंचाईत मी समजू शकतो. पण मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल लागला तो ४८ मतांनी. रवींद्र वायकर आले, अमोल कीर्तिकर पडले. नोटाला पंधरा हजारांच्या वर मतं. मित्राने नाकारलं कुणाला? दोघांपैकी कोण, हे ठरवायचं काम तेवढं त्याने बाकीच्यांच्या गळ्यात मारलं.

इंदूरमध्ये मीही नोटाच दाबला असता. तिथे निषेधाला दुसरी जागाच उरली नव्हती. सुरतेत तर तेवढीही नव्हती. उमेदवार बिनविरोध, म्हणून मतदानच नाही. पण लढत चुरशीची असेल तर मी नाक दाबून कमी वाईट निवडतो आणि पुढची पाच वर्षं त्याला शिव्या घालतो. याला कुणी तडजोड म्हणावं. मी मतदान म्हणतो.

महापालिकेच्या वेळी मेसेज पुन्हा आला, तेच तीन तिरंगे. मी सवयीने 'खोटं आहे' टाइप केलं आणि थांबलो. कारण महापालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती येतात राज्य निवडणूक आयोगाकडे, आणि महाराष्ट्राच्या आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढलाय: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर कुणीही विजयी नाही, फेरनिवडणूक. सहा वर्षांची बंदी तेवढी थापच. काका या वेळी अर्धे बरोबर होते, आणि कुठलं अर्धं ते समजावायला मला त्यांच्याकडे दोन कप चहा प्यावा लागला.