बोन्साय उपाशी नसतं

“झाडाला उपाशी ठेवून खुजं करतात, पाप लागतं!” बोन्सायचं नाव काढलं की हे हमखास ऐकू येतं. खरं तर उथळ कुंडीतल्या मूठभर मातीमुळे त्याच्या खतापाण्याकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. उपाशी ठेवलं तर ते सरळ वाळून जाईल. झाड लहान राहतं ते शेंडे खुडल्यामुळे आणि दोन-तीन वर्षांनी मुळं छाटून नव्या मातीत बसवल्यामुळे. छाटलेल्या टोकांशी मग केसांसारखी पांढरी मुळं फुटतात. १६२५ पासून जोपासलेला एक जपानी पाइन १९४५ साली हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचला, आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. (उपाशीपोटी चारशे वर्षं?) सुरुवातीला भिंतीच्या फटीतलं वडाचं रोपही चालेल. पावसाळ्याच्या तोंडाला लावा, मूळ धरलं की उन्हात ठेवा. टीव्हीशेजारी नको.