अपाची लोकजीवन

अपाची हे आजच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतील डोंगराळ व निमवाळवंटी मुलखात वावरलेल्या आदिवासी समूहांना बाहेरच्यांनी दिलेले सामायिक नाव आहे. पश्चिमी अपाची, चिरिकाहुआ, मेस्कलेरो, हिकारिया, लिपान व मैदानी अपाची हे त्यांतील प्रमुख गट होत. त्यांच्या भाषा अथाबास्कन कुळातील असून त्या कुळाच्या बऱ्याच भाषा अलास्का व पश्चिम कॅनडात बोलल्या जातात. त्यावरून त्यांचे पूर्वज उत्तरेकडून आले असे मानतात.

जेरोनिमोसारख्या लढवय्यांमुळे अपाचींची ओळख छापे आणि लढाया यांपुरती राहिली, आणि हा त्यांच्यावर मोठाच अन्याय आहे; कारण त्यांचे रोजचे जीवन आईच्या घराभोवती उभे होते. लग्नानंतर पुरुष बायकोच्या माणसांत राहायला जाई आणि सासरच्यांसाठी शिकार करी. ‘घरजावई’ या शब्दाला मराठीत जी कमीपणाची छटा आहे ती तिथे नव्हती, कारण तोच रिवाज होता. मात्र जावई व सासू यांनी एकमेकांसमोर येणे कटाक्षाने टाळायचे असे, आणि यात तेढ नसून आदर होता. पश्चिमी अपाचींमध्ये मूल आईच्या कुळाचे मानले जाई.

लवचिक फांद्यांच्या सांगाड्यावर गवत शाकारून केलेली घुमटाकार झोपडी स्त्रियाच बांधत. मैदानांलगतचे गट कातडी तंबूही वापरत. अन्नाचा मोठा भार स्त्रियांवरच असे. ॲगेव्ह, म्हणजे आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या घायपाताची भाईबंद वनस्पती, तिची पाने छाटून उरलेला गड्डा त्या तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात ओले गवत व माती लोटून एक-दोन दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ भाजत. तो गोड, तंतुमय गर वाळवून पुढे महिनोन्‌महिने पुरे. या वनस्पतीच्या ‘मेस्कल’ या नावावरूनच मेस्कलेरो हे नाव पडले. विणलेल्या बुधल्यांना पाइनची राळ माखून त्यांत पाणी साठवत.

मुलगी वयात आल्यावर होणारा चार दिवसांचा विधी हा अपाची धर्मजीवनातील सर्वांत महत्त्वाचा सोहळा होय. चार हा अंक त्यांच्या विधींत पवित्र आहे. या काळात मुलीत आदिमाता ‘बदलती स्त्री’ हिची शक्ती उतरते अशी श्रद्धा आहे. चिरिकाहुआ व मेस्कलेरो तिला ‘शुभ्ररंगी स्त्री’ म्हणतात. पश्चिमी अपाचींत हरणाच्या कातड्याचा पोशाख घातलेली मुलगी सूर्योदयी पूर्वेकडे तोंड करून गाण्यांच्या ठेक्यावर तासन्‌तास नाचते, काठीभोवती धावते, आणि पाणकणसाचे पिवळे पराग तिच्यावर उधळून आशीर्वाद दिला जातो. मुलीचे अंग चोळणारी मानलेली आई सहसा नात्याबाहेरची निवडतात. त्यामुळे दोन घरे जन्मभराच्या देण्याघेण्याने बांधली जातात. रात्री मुखवटे व लाकडी पट्ट्यांचे मुकुट घालून डोंगरदेवतांचे नर्तक शेकोटीभोवती नाचतात.

कोणी वारल्यास त्याची झोपडी जाळून कुटुंब दुसरीकडे जाई आणि मृताचे नाव उच्चारणे टाळले जाई.

सप्टेंबर 1886 मध्ये चिरिकाहुआ गटातील जेरोनिमो अमेरिकी सैन्याला शरण आल्यावर चिरिकाहुआंना बायकामुलांसह फ्लॉरिडा, मग अलाबामा आणि अखेरीस ओक्लाहोमात युद्धकैदी म्हणून ठेवण्यात आले. ही कैद 27 वर्षांनी, 1913 मध्ये सुटली, तेव्हा त्यांतील बहुतेक जण न्यू मेक्सिकोत मेस्कलेरोंकडे राहायला गेले. तिथे आजही दर जुलैच्या सुरुवातीस मुलींचा हा विधी होतो.