गुन्ह्यातील पीडितांसाठी नुकसानभरपाई: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो आणि ज्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले तो माणूस न्यायालयात बहुधा साक्षीदारापुरताच उरतो, या उणिवेवर पीडितशास्त्राच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच बोट ठेवले होते. भारतात ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ ने ती काही अंशी भरून काढली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. या कलमाखालील भरपाई राज्याच्या योजनेतील निधीतून मिळत असल्यामुळे आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही. हे मात्र अनेक कुटुंबांना वेळ निघून गेल्यावरच कळते.

गुन्ह्यामुळे हानी किंवा इजा झालेली आणि पुनर्वसनाची गरज असलेली व्यक्ती, अथवा तिच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय, या भरपाईस पात्र ठरतात. फिर्यादी आणि पीडित एकच असतील असे नाही. शेजाऱ्याने फिर्याद दिली म्हणून जखमी व्यक्तीचा हक्क कमी होत नाही.

भरपाईचे दोन मार्ग आहेत. खटल्याच्या शेवटी, आरोपी निर्दोष सुटला तरीही, न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते आणि रक्कम जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरण ठरवते. आरोपी सापडलाच नाही, म्हणजे पोलिसांच्या भाषेत ‘अ समरी’ झाली आणि खटला उभा राहिला नाही, तर पीडिताला स्वतः प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्ज आल्यावर चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असे कलमातच म्हटले आहे.

अर्जासोबत प्रथम खबर अहवालाची प्रत, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील आणि उपचारांची कागदपत्रे जोडावीत. प्रथम खबरेची प्रत पीडितालाही विनामूल्य मिळते. मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि मृताशी नाते दाखवणारा पुरावा लागतो, तर कायमची इजा असल्यास दिव्यांगत्व प्रमाणपत्र जोडलेले बरे. माझ्या मते सर्वाधिक काळजी वैद्यकीय कागदांची घ्यावी. इजा नेमकी त्याच घटनेत झाली, हे त्यांवरूनच ताडले जाते. रुग्णालयात पहिल्याच दिवशी ‘मारहाणीत जखम’ ऐवजी ‘पडून जखम’ अशी नोंद झाली, तर पुढे ती खोडून काढणे जड जाते.

उपचार तातडीचे असतील तर अंतिम आदेशाची वाट न पाहता अंतरिम मदत मागावी. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा त्याहून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या, अथवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावरून प्राधिकरण विनामूल्य प्रथमोपचार किंवा वैद्यकीय मदतीचा आदेश देऊ शकते. बलात्कार व अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांवर मोफत उपचार करणे कलम ३९७ नुसार खासगी रुग्णालयांनाही बंधनकारक आहे.

रकमेच्या मर्यादा आणि अर्जाची मुदत राज्याच्या योजनेप्रमाणे बदलतात, त्यामुळे लागू योजनेची प्रत प्राधिकरणाच्या कार्यालयातून आधीच मागून घ्यावी. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० ही मदतवाहिनी आहे. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी, कारण दोन महिन्यांची मुदत मोजताना तीच उपयोगी पडते.